कालव्याचा फायदा नेमका कोणाला? हिशेबाची वही बदलणारे धनंजयराव गाडगीळ

नागपूरहून अमरावतीकडे जाताना वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) लागतं. हा संत्र्याचा पट्टा. इथल्या शेतकऱ्यासमोर दर काही वर्षांनी एक प्रश्न उभा राहतो: हाताशी आलेला पैसा कशात घालायचा? विहिरीवर नवा पंप आणि ठिबक बसवलं तर पुढच्या हंगामापासून उत्पन्न वाढतं. नवी बाग लावली तर पहिली पाच वर्षं फक्त खर्च, पण नंतर मोठा पैसा.

समजा, दोन्हींचा खर्च १ लाख रुपये आहे. पंप-ठिबकमुळे पुढची ६ वर्षं दरवर्षी २५ हजार जास्त मिळतील, म्हणजे एकूण दीड लाख. बागेतून पहिली ५ वर्षं काहीच नाही, मग ६ वर्षं दरवर्षी ४० हजार, म्हणजे एकूण २ लाख ४० हजार. वरवर पाहता बाग सरस. पण उद्या मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. कर्जाचं व्याज १० टक्के धरून दोन्ही रकमा आजच्या मूल्यात आणल्या, तर पंपाचे होतात सुमारे १ लाख ९ हजार आणि बागेचे सुमारे १ लाख ८ हजार. फरक जवळजवळ संपला! आता व्याज ६ टक्के धरा. पंप १ लाख २३ हजारांवर जातो आणि बाग १ लाख ४७ हजारांवर. तीच जमीन, तेच पाणी, तीच झाडं; फक्त व्याजाचा दर बदलला आणि निर्णय फिरला.

सरकार धरण, कालवा किंवा वीजकेंद्र बांधायला निघतं तेव्हा हाच हिशेब करतं, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त असतात. आणि तिथे आणखी एक प्रश्न येतो, जो शेतकऱ्याच्या हिशेबात येत नाही. शेतकऱ्याचा खर्च त्याचा आणि फायदाही त्याचाच. कालव्याचा खर्च सरकार करतं, पण फायदा? तो हजारो लोकांत वाटला जातो आणि त्यातला फारच थोडा सरकारी तिजोरीत परत येतो. मग कालवा फायद्यात आहे की तोट्यात, हे कोणाच्या वहीतून पाहायचं?

भारतात या प्रश्नाचं उत्तर गावोगाव फिरून, मोजमाप करून शोधणाऱ्यांत एक नाव फार आधी येतं. ते म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ. आज ते बहुतेकांना 'गाडगीळ फॉर्म्युला' या दोन शब्दांमुळे माहीत असतात. पण त्या फॉर्म्युल्याच्या कितीतरी आधी त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा जो हिशेब मांडला, तो समजल्याशिवाय पुढचे गाडगीळ नीट कळत नाहीत.

नागपूर, केंब्रिज, सुरत, पुणे

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा, पण बालपण गेलं नागपुरात. तिथल्या पटवर्धन हायस्कूलमध्ये शिकून ते पुढे इंग्लंडला केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात गेले. तिथे पदवीसाठी लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला. भारताच्या अलीकडच्या काळातल्या औद्योगिक वाटचालीवरचं हे पुस्तक पुढे अनेक दशकं विद्यापीठांत वाचलं गेलं, त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. लेखकाचं वय तेव्हा अवघं २३ होतं.

परत आल्यावर काही काळ त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केलं. मग १९२५ ते १९३० ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० मध्ये भारत सेवक समाजाच्या पुण्यातल्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि तिशीतही न पोचलेले गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत ते त्याच खुर्चीत होते.

त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे बहुतांशी सरकारी अहवालांतले आकडे घेऊन लिहिणं. गाडगीळांनी संस्थेला दुसरी सवय लावली. वाई तालुक्यात शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च गोळा झाला. पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी झाली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये छापून आले. प्रश्नावली घेऊन घरी जायचं, बैलाच्या चाऱ्यापासून घरच्या माणसांच्या मजुरीपर्यंत सगळं विचारायचं आणि मगच बोलायचं, अशी ती शिस्त. कंटाळवाणं काम. पण याच सवयीमुळे कालव्यांचा प्रश्न हाताळता आला.

तिजोरीच्या वहीतला तोटा

इंग्रज सरकारच्या दृष्टीने पाटबंधाऱ्यांची कामं दोन प्रकारची होती: 'उत्पादक' आणि 'संरक्षक'. उत्पादक काम कर्ज काढून बांधायचं. त्याची कसोटी सरळ होती. काम पूर्ण झाल्यापासून १० वर्षांच्या आत पाणीपट्टी वगैरेंमधून, देखभालीचा खर्च वजा जाता, भांडवलावरचं व्याज सुटलं पाहिजे. व्याजाचा हा दर वेळोवेळी बदलला, ४ टक्क्यांच्या आसपास होता तो पुढे ६ टक्क्यांपर्यंत गेला. दर वाढला की पास होणारी कामं कमी होणार, हे कारंजाच्या बागेच्या उदाहरणावरून लक्षात येईल. संरक्षक काम म्हणजे दुष्काळापासून बचाव करणारं. ते या कसोटीत बसत नसलं तरी दुष्काळ निवारणाचा खर्च वाचतो म्हणून मंजूर व्हायचं.

पंजाबचे कालवे कसोटीत सहज बसत. दख्खनचे बसत नसत. कारण साधं होतं. नगर भागातला शेतकरी बाजरी-ज्वारी पिकवायचा. पाऊस बरा झाला की त्याला पाटाचं पाणी नको असायचं, कारण पट्टी कोण भरणार? आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी सगळे एकदम पाणी मागायचे. म्हणजे सरकारने धरण आणि पाट बारा महिन्यांसाठी बांधायचे आणि गिऱ्हाईक चार वर्षांतून एकदा यायचं.

नाशिक जिल्ह्यातलं दारणा धरण, नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि त्यावरचे गोदावरी कालवे, तसंच १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आणि त्यावरचे प्रवरा कालवे, ही सगळी याच वर्गातली कामं. या कालव्यांना हात दिला तो उसाने. उसाला वर्षभर पाणी लागतं, पट्टीही जास्त बसते. कोपरगाव, बेलापूर, राहुरीच्या पट्ट्यात ऊस वाढला, गुऱ्हाळं लागली, खासगी साखर कारखाने आले. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जबर जकात बसवली आणि साखरेच्या धंद्याला आणखी जोर चढला. तरीही सरकारी वहीत हे कालवे भांडवलाच्या व्याजाला पुरत नव्हते. ज्या भागात पूर्वी दुष्काळी कामांवर खडी फोडायला माणसं जायची, तिथे आता मजुरांची टंचाई होती, आणि वही म्हणत होती, तोटा!

कालवा नसता तर?

१९३०च्या दशकाच्या अखेरीस गोखले संस्थेने या दोन कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी हाती घेतली. गाडगीळांच्या नावाने तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्यांचे प्रत्यक्ष फायदे आणि अप्रत्यक्ष फायदे, दोन्ही मोजायचे, असं तिचं स्वरूप होतं. भारतात एखाद्या मोठ्या अभियांत्रिकी कामाचा असा हिशेब मांडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. योगायोग असा की अमेरिकेतही तेव्हाच हे शास्त्र घडत होतं. तिथल्या १९३६च्या पूरनियंत्रण कायद्याने अट घातली होती की प्रकल्पाचा फायदा कोणालाही होवो, तो एकूण खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. गाडगीळांपुढचा प्रश्नही तोच होता, मात्र शेत नगरचं होतं.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पहिली अडचण म्हणजे तुलना कशाशी करायची? सगळ्यात सहज सुचणारा मार्ग 'आधी आणि नंतर'. कालवा येण्यापूर्वी गावाचं उत्पन्न किती होतं आणि आता किती? पण मधल्या काळात जगात मंदी येऊन गेली होती, शेतमालाचे भाव कोसळले होते, उलट साखरेला जकातीचं संरक्षण मिळालं होतं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला सगळा फरक कालव्याच्या नावावर टाकला तर मंदीचा आणि जकातीचाही हिशेब कालव्यावर चढतो. म्हणून खरी तुलना 'कालव्यासह आणि कालव्याविना' अशी हवी. एकाच वर्षी, एकाच भागातली पाटाखालची शेती आणि शेजारची जिरायत शेती. पाऊस तोच, बाजार तोच, फरक फक्त पाण्याचा. गाडगीळांच्या पाहणीचा कणा हाच होता.

दुसरी अडचण, उत्पन्न वाढलं म्हणजे फायदा वाढला असं नाही. उसाला खत, मजूर, बैल, उधारीचं व्याज सगळंच जास्त लागतं. एकरी हजाराचा माल निघाला आणि आठशे खर्च झाले तर फायदा दोनशेच. वाई तालुक्यात बैलाच्या चाऱ्याचा हिशेब विचारणारी सवय इथे कामाला आली.

तिसरी अडचण सगळ्यात निसरडी होती. कालव्याचा फायदा शेताच्या बांधावर थांबत नाही. ऊसतोडीला मजूर लागतात, गाड्या लागतात, गुळाचा व्यापारी येतो, कारखाना येतो, रेल्वेला माल मिळतो, सरकारला इतर करांतून पैसे येतात. हे सगळं मोजायला हवं. पण मोजताना एकच रुपया दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. शेतकऱ्याचं वाढलेलं उत्पन्न धरलं आणि त्यामुळेच वाढलेली जमिनीची किंमतही धरली, तर तो एकच फायदा दोन रकान्यांत गेला. तसंच, ऊसतोडीला आलेल्या मजुराला दुसरीकडे काम होतंच, तर त्याची सगळी मजुरी कालव्याची देणगी नव्हे. पण तो दुष्काळी तालुक्यातून आलेला असेल आणि एरवी रिकामा बसला असता, तर ती देणगी आहे. आजही धरणांचे प्रकल्प अहवाल तयार होतात तेव्हा सगळ्यात जास्त लबाडी याच रकान्यात चालते.

खर्चाच्या बाजूलाही वहीत न येणाऱ्या गोष्टी होत्या. पाट जास्त वाहिला की काळ्या जमिनी पाणथळ आणि चोपण होतात, हा दख्खनच्या कालव्यांचा जुना आजार. आणि धरणात ज्यांच्या जमिनी जातात त्यांचं काय? १९२१ मध्ये मुळशीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच सवाल केला होता. भरपाईची रक्कम मोजता येते, गाव मोजता येत नाही. त्या काळच्या कुठल्याच हिशेबात हा रकाना नीट भरलेला दिसत नाही, आणि पुढेही कित्येक दशकं तो रिकामाच राहिला.

तरीही या पाहणीमुळे एक गोष्ट पक्की झाली. कालव्याचा निकाल फक्त पाणीपट्टीच्या वसुलीवर लावायचा नसतो. समाजाला किती मिळालं आणि सरकारला किती परत आलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारायचे, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहायचं नाही.

प्रवरेच्या काठावर

फायदा किती, याच्या पाठोपाठ फायदा कोणाला, हा प्रश्न येतोच. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकत होता, पण साखरेतला नफा खासगी कारखान्यांकडे आणि गुळातला व्यापाऱ्यांकडे जात होता. १९४५ मध्ये बेलापूरला दख्खन कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांनीच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना काढावा हा विचार तिथे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा केलं. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारी पाठबळ दिलं. १९५०-५१च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला.

या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, आणि पहिली दहाएक वर्षं ते त्या पदावर राहिले. पुण्यातल्या संस्थेचा संचालक आणि लोणीतल्या कारखान्याचा अध्यक्ष एकच माणूस, हे चित्र आज कल्पनेतही बसत नाही. ज्याने कालव्याचा हिशेब कागदावर मांडला, त्यालाच आता यंत्रसामग्रीचं कर्ज फेडायचं होतं आणि सभासदाला उसाचा भाव द्यायचा होता. कारखान्याचा हिशेब कालव्यापेक्षा वेगळा असतो. गाळप क्षमता मोठी घेतली आणि ऊस कमी पडला तर यंत्रं उभी राहतात, व्याज मात्र चालूच राहतं. क्षमता लहान घेतली तर शेतकऱ्याचा ऊस शेतात वाळतो. प्रवरा तगला, कर्ज फिटलं आणि मग महाराष्ट्रभर सहकारी कारखाने उभे राहिले. पुढे त्यांतले बरेच पुरेसा ऊस आहे की नाही हे न पाहता उभारले गेले आणि बुडाले, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

याच काळात गाडगीळ शेतीच्या पतपुरवठ्यावरच्या समित्यांवर काम करत होते. १९४५चा शेती वित्त उपसमितीचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखालचा. १९५४च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या गोरवाला समितीतही ते होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची आर्थिक बाजू मांडण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

पद्धत सरकारी होते

पाहणीची पद्धत मात्र पुण्यात अडकून राहिली नाही. १९५०च्या दशकात नियोजन आयोगाच्या मदतीने देशातल्या निरनिराळ्या पाटबंधारे प्रकल्पांच्या फायद्यांचे अभ्यास झाले. गोखले संस्थेतल्याच एन. व्ही. सोवनी आणि नीलकंठ रथ यांनी ओडिशातल्या हिराकुड धरणाचा केलेला अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये निजलिंगप्पा समितीने सुचवलं की पाटबंधारे प्रकल्प निवडताना सरकारला किती टक्के परतावा मिळतो हे न पाहता लाभ-खर्च गुणोत्तर पाहावं. एक रुपया खर्चामागे किमान दीड रुपयाचा फायदा, अशी कसोटी आली. तिजोरीची वही बाजूला झाली आणि समाजाची वही पुढे आली.

यात तोटाही झाला. पाणीपट्टी वसूल झाली नाही तरी चालतं, फायदा तर समाजाला होतोच, असा सोयीस्कर अर्थ राज्यांनी काढला. पाटबंधारे खाती देखभालीलाही महाग झाली. शिवाय फायदा कागदावर फुगवून दीडचा आकडा गाठणं काही कठीण नव्हतं.

दिल्ली

१९६६ मध्ये गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. वय ६६. दोन दुष्काळ आणि युद्ध यांमुळे पंचवार्षिक योजना थांबलेली होती, राज्यांना केंद्राकडून मदत कशी वाटायची याला पक्का नियम नव्हता. ज्या राज्याचं दिल्लीत वजन जास्त त्याच्या पदरात जास्त, अशी तक्रार होती.

१९६९ मध्ये चौथ्या योजनेसाठी सूत्र ठरलं, तोच गाडगीळ फॉर्म्युला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्या मदतीतले ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के दरडोई उत्पन्न सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के राज्य स्वतः किती कर गोळा करतं त्यावर, १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी. आणि उरलेले १० टक्के? ते होते चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी.

अर्धवट प्रकल्पाचा हिशेब वेगळा असतो. समजा १०० कोटींच्या धरणावर ७० कोटी खर्च झालेत. ते ७० कोटी गेले. धरण पूर्ण केलं किंवा सोडलं तरी परत येणार नाहीत. आता प्रश्न एवढाच की उरलेले ३० कोटी घालून किती फायदा मिळेल? अर्धवट धरणातून फायदा शून्य आणि पूर्ण झालेल्या धरणातून सगळा, म्हणून चालू काम संपवणं हे नवं काम सुरू करण्यापेक्षा बहुतेक वेळा फायद्याचं. या दृष्टीने ते १० टक्के शहाणपणाचे. पण यात एक फट होती. ज्या राज्याने भरमसाट कामं सुरू करून ठेवली त्यालाच बक्षीस मिळायचं. खूप नारळ फोडा, मग दिल्लीकडे बोट दाखवा. १९८० मध्ये सूत्र सुधारलं तेव्हा हा निकष काढून टाकला गेला आणि ते १० टक्के गरीब राज्यांच्या निकषाकडे वळवले गेले. काम अर्धवट ठेवण्याची सवय मात्र गेली नाही. विदर्भात हे वेगळं सांगायला नको. गोसीखुर्दचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो १८ हजार कोटींच्या वर गेला. वर्षामागून वर्षं लांबलेल्या फायद्याचं आजचं मूल्य किती घटतं, हे कारंजाच्या संत्राबागेच्या हिशेबाने ताडून पाहता येईल.

त्याच १९६९ मध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या एका अभ्यासगटाने बँकांसाठी जिल्हावार काम वाटून घेण्याची कल्पना मांडली, त्यातून अग्रणी बँक योजना आली. आज प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, तिचं मूळ इथे आहे.

मार्च १९७१च्या लोकसभा निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची फेररचना झाली आणि गाडगीळांनी पद सोडलं. दिल्लीतलं बिऱ्हाड आवरून ते पुण्याला निघाले. ३ मे १९७१ रोजी त्या परतीच्या प्रवासातच, रेल्वेगाडीत, त्यांचं निधन झालं.